अनुभव धागा: जपानी गायक-गीतकार उतादा हिकारु यांचं ‘फर्स्ट लव्ह’ – ऐकणारे, गाणारे, वाजवणारे, सगळे या

खर्जवेडी
परवा घरात ती 2022 ची नऊ भागांची जपानी मालिका लागली होती, मित्सुशिमा हिकारी आणि सातो ताकेरुची. त्यातलं हे गाणं कानावर पडलं आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाणं मूळ 10 मार्च 1999 ला आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधलं. मग टीबीएस या जपानी वाहिनीच्या ‘माजो नो जोकेन’ मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि 28 एप्रिलला सिंगल (त्या एका गाण्याची वेगळी तबकडी) निघालं. शब्द आणि चाल दोन्ही उतादांची, वय तेव्हा 16! अल्बम जपानात 75 लाखांच्या वर खपला. तिथला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

माझा जीव अडकलाय तो कडव्याखालच्या बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांत. सा नी ध प म ग रे असा एकेक पायरी उतरतो आणि मग पंचमावर जाऊन उभा राहतो. जी पट्टीत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असे: जी, डी (बेसला एफ शार्प), ई मायनर, डी, सी, जी (बेसला बी), ए मायनर सेव्हन, डी. बरेच जण दुसऱ्या कॉर्डला बेसमध्येही डीच वाजवतात. तिथे उतरण तुटते आणि गाणं एकदम साधं वाटायला लागतं. पियानोवर डाव्या हाताने फक्त तो एक स्वर धरा, फार तर वरच्या सप्तकातला तोच स्वर जोडीला. खाली अख्खा कॉर्ड दाबलात तर नुसती गिचमिड होते. पेडल प्रत्येक बेस स्वराला बदलायचं.

तुम्ही कसं वाजवता, गाता, लिहा.

पांढरी_पाच
वा! शेवटच्या ध्रुवपदाबद्दल कुणीतरी बोललंच पाहिजे. जीवरून ए फ्लॅट, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचवरून काळी चार. अर्ध्याच स्वराची उडी, पण सगळं गाणं त्यासाठी थांबलेलं असतं. जमत नाही म्हणून अख्खं गाणं जीमध्येच संपवणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही.

कीबोर्डवर ट्रान्सपोज +1 (सगळी पट्टी अर्धा स्वर वर) करणार असाल तर सूर दाबून धरलेला असताना बटण दाबू नका. काही मॉडेलवर तो सूर अडकून वाजत राहतो, काहींवर मध्येच कापला जातो. बोटं आणि पेडल दोन्ही सोडा, मग दाबा. त्याहून बरं म्हणजे आधीच दोन रजिस्ट्रेशन (कीबोर्डची जतन केलेली सेटिंग) सेव्ह करायची, एक 0 चं, एक +1 चं. एकाच बटणात काम होतं.

चिंचेचा_सार
कुकर लावलाय, सविस्तर रात्री. पण खर्जवेडी ताई, बेसचं एकदम बरोबर!! हेडफोनवर ऐका लोकहो, फोनच्या स्पीकरवर तो बेस येतच नाही.

सहा_तारा
गिटारवाल्यांसाठी. पहिल्या भागात डी बाय एफ शार्पला सहाव्या तारेचा दुसरा पडदा अंगठ्याने वरून धरा, पाचवी तार त्याच अंगठ्याने मुकी करा. अंगठा पोहोचत नसेल तर पहिल्या बोटाने दुसरा पडदा धरा आणि बाकी डी फक्त दोन-तीन तारांचा.

शेवटी कॅपो (पट्टी वर न्यायचा चिमटा) सरकवायला वेळ नसतो, म्हणून ए फ्लॅट बारनेच, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून: ए फ्लॅट, ई फ्लॅट (बेसला जी), एफ मायनर, ई फ्लॅट, डी फ्लॅट, ए फ्लॅट (बेसला सी), बी फ्लॅट मायनर सेव्हन, ई फ्लॅट. बोटं दुखतात कारण सगळे जण पहिलं बोट सपाट दाबतात. ते जरा कडेवर कलवा, हाडाच्या बाजूने. लय मिनिटाला साधारण 90 ठोक्यांची लावा. कडव्याला बोटांनी छेडायचं, शेवटच्या ध्रुवपदाला पूर्ण हात.

नागपूरकर_मावशी
पुरुषांनी कुठल्या पट्टीत गावं? घरी भाचा विचारतोय.

पांढरी_पाच
मावशी, कराओकेवर -5 (पाच अर्धस्वर खाली) करून बघायला सांगा. म्हणजे सुरुवात पांढरी दोनमध्ये आणि शेवट काळी दोनमध्ये. कडवं फार खाली जाऊन हवा व्हायला लागली तर -4 किंवा -3. मात्र पट्टी कडव्यावरून ठरवू नका. आधी शेवटचं ध्रुवपद गाऊन बघायचं, ते आरामात निघतं तीच आपली पट्टी. हार्मोनियमवर सराव असेल आणि स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवता येणारी) पेटी असेल तर एक घर सरकवलं की झालं, पण भाता थांबवून सरकवा.

मोराचं_पीस
उच्चारांवर लिहिते, कारण गाणी इथेच घसरतात. (पुण्यात जपानी शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.)

जपानी मात्रांवर चालते. प्रत्येक मात्रेला सारखा वेळ. पहिलाच शब्द ‘साइगो’, त्यात सा-इ-गो अशा तीन मात्रा आहेत. आपण ‘सैगो’ म्हणतो, दोनात उरकतो आणि पुढची सगळी ओळ तालाच्या आधी पळते. ‘ताबाको’ तीन. शब्दात न्-सारखा अनुस्वार आला तर त्यालाही पूर्ण एक मात्रा. पुढे प, ब, म असेल तर तो म् होतो, अगदी आपल्या ‘अंबा’सारखा. मात्रावृत्त म्हणणाऱ्याला हे चटकन जमतं.

‘सेत्सुनाइ’मधला ‘त्सु’ हिंदी भाषकांना छळतो. आपल्याला मुळातच येतो: ‘चमचा’ म्हणताना जो दंत्य च लागतो, तोच. ‘चहा’मधला च नाही हं. फ मात्र दात-ओठाचा नको, दोन्ही ओठांतून फुंकर मारल्यासारखा. ‘आशिता’ बोलताना मधली इ जवळजवळ विरते, ‘आश्ता’ ऐकू येतं. गाताना त्या इ ला स्वतःचा सूर दिलेला असेल तर तो गिळायचा नाही.

आणि ‘फ्लेवर’ हा शब्द त्या जपानी वळणाने न म्हणता सरळ इंग्रजी वळणाने म्हणतात, कारण उतादांचा जन्म न्यूयॉर्कचा. तिथे जपानी उच्चार करायला जाऊ नका.

कोल्हापुरी_साज
मोराचं_पीस ताई, अवांतर विचारते. मुलीला डिसेंबरला एन5 (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) द्यायचीय. गाणी ऐकून श्रवण सुधारतं का हो?

मोराचं_पीस
कानाला सवय होते, पण परीक्षेला पुरत नाही. एन5 ला 180 पैकी 80 लागतात, शिवाय भाषाज्ञान-वाचनात 120 पैकी 38 आणि श्रवणात 60 पैकी 19 वेगळे लागतात. एकूण 100 मिळून श्रवणात 18 आले तरी नापास. रोज 15 मिनिटं श्रवणाचे नमुना प्रश्न, एकदाच ऐकून उत्तर. अर्ज सुरू झाल्या झाल्या भरा, जागा भरतात.

कोल्हापुरी_साज
खूप आभार ताई 🙏 लगेच सांगते तिला.

चिंचेचा_सार
आले. मी मायक्रोफोनवर लिहिणार होते. पहिल्या ओळी जवळजवळ कुजबुजीत आहेत, तेव्हा माईक ओठांपासून तीन बोटांवर. इतक्या जवळ खालचे सूर आपोआप भरदार येतात. ध्रुवपदाला वीतभर लांब न्या, नाहीतर आवाज फाटतो. माईक किंचित तिरका धरला की प आणि फ चे धक्के बसत नाहीत. ध्रुवपदात आवाज छातीतून डोक्यात सरकतो तो सांधा झाकायला जाऊ नये, तो नाजूकपणाच या गाण्याचा जीव आहे. ‘लव्ह’चा व्ह शेवटच्या क्षणापर्यंत मिटू नका, आतला अ धरून ठेवा. आणि इंग्रजी ओळ संपली की तिथेच श्वास, पुढची जपानी ओळ लांब आहे.

जुनी_तबकडी
सीडी जमवणाऱ्यांसाठी दोन शब्द. त्या काळात जपानी सिंगल 8 सेंमीच्या चिमुकल्या तबकडीवर, लांबट पुठ्ठ्याच्या पाकिटात यायची. ‘ऑटोमॅटिक’ (9 डिसेंबर 1998) 8 आणि 12 सेंमी दोन्हीत निघालं. 8 ची तबकडी फटीतून आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये कधीही घालू नका, आत अडकते. ट्रे असलेल्या प्लेअरमध्ये मधल्या खोलगट गोलात ठेवायची, तीही प्लेअर आडवा असेल तरच.

जुनी घेताना तबकडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर चकाकता थर गेलाय, पैसे देऊ नका. पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. ऑडिओ सीडीला प्रदेशाची अडचण नसते, डीव्हीडीला असते: ठरावीक प्रदेशाच्या प्लेअरवरच चालते. 2014 च्या 15 वर्षांच्या खास आवृत्तीत डीव्हीडी आहे, आणि जपान प्रदेश 2, भारत प्रदेश 5. आधी प्लेअर तपासा, मग मागवा.

सहा_तारा
सीडीवरून फाइल केल्यावर गाण्यांची नावं कचऱ्यासारखी दिसतात त्याचं काय करायचं दादा?

जुनी_तबकडी
माहिती शिफ्ट-जिस या जपानी लिपीसंकेतात लिहिलेली असते आणि आपला प्लेअर दुसऱ्याच संकेतात वाचतो. टॅग एडिटरमध्ये (फाइलमधली गाण्याची माहिती बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून युटीएफ-8 मध्ये बदला. आवाजाला काही होत नाही. फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार) ठेवा, एमपी3 नंतर कधीही करता येते.

नागपूरकर_मावशी
भाचा -4 वर गातोय, छान बसतंय! पण शेवटच्या उडीच्या वेळी दरवेळी आधीच वर चढतो.

पांढरी_पाच
त्याला नव्या पट्टीचा सा ऐकवा मावशी, -4 वर तो पांढरी तीन. ध्रुवपदाच्या आधीची ओळ आणि हा सा एवढंच दहा-बारा वेळा, लय 70 वर आणून. बसलं की पाच-पाचने वाढवत 90.