ढवळ्या फोटोत राखेसारखा दिसून राह्यला, काय करू?

धुऱ्यावरची
नमस्कार जी. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुक्यातले. घरी गवळाऊ बैलजोडी होती. त्यातला ढवळ्या दिवाळीच्या आधी गेला. पोळ्याला तोरणाखाली उभा होता तेव्हा दादाच्या जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं त्याचे 16 फोटो काढले होते. काल कॉम्प्युटरवर लावले तं सारेच मळकट. बैल दुधासारखा पांढरा, फोटोत राख फासल्यासारखा. शिंगांची बेगड मेलेली, झूल विटकी. त्या दिवशी आभाळ होतं, पण एवढं नाही. कॅमेरा बिघडला म्हणावं तं दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात काढलेले लेकरांचे फोटो चांगले आहेत. बाबांना एक मोठा फोटो करून द्यायचा आहे. ढवळ्या काही परत उभा राहणार नाही, आहेत तेच फोटो सुधारायचे आहेत. काहून झालं असं?

फोटोवाले काका
बेटा, कॅमेरा ठीक आहे. समोर पांढरा बैल आहे हे त्याला कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी उजेडाचं असणार असं धरून तो उजेड मोजतो. तू जवळून काढले असशील, चौकटभर पांढरं अंग. त्याला वाटलं उजेड फार झाला, त्यानं कमी केला. लेकरांच्या फोटोत रंगीत कपडे, काळे केस, माती, सगळंच होतं म्हणून ते जमले. वरून बैलाच्या दिवशी आभाळाचा उजेड सपाट, सावलीच नाही.

कॉम्प्युटरवर गिम्प टाक, फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. आधी मूळ फोटोची नक्कल कर, मूळ फाइलला हात लावू नको. कॅमेऱ्याचा फोटो जेपेग फाइल असतो, तो पुन्हापुन्हा सेव्ह केला की खराब होत जातो. मग कलर्समध्ये लेव्हल्स उघड. 0 (काळं) ते 255 (पांढरं) अशा पट्टीवर एक डोंगर दिसेल, फोटोत कुठला उजेड किती आहे ते तो दाखवतो. तुझा डोंगर मधेच बसलेला असेल, दोन्हीकडं पडीक जागा. डावा काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथं आण, उजवा पांढरा त्रिकोण डोंगर संपतो तिथं. त्याच्या आत उजवा ढकलू नको, नाहीतर वशिंडाच्या वळ्या उडून नुसता पांढरा डाग राहील.

कापूसवाला
काकांचं खरं आहे. मी वेचलेल्या कापसाच्या गंजीचा फोटो एका व्यापाऱ्याला पाठवला, तो म्हणे कवडी, म्हणजे खराब कापूस, दिसते. माल एक नंबर होता जी! तेव्हापासून पांढऱ्या वस्तूचा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या उजेड कमी-जास्त करायच्या अधिक-उण्याच्या (+/-) बटणावर +1 करतो. लेन्सही पाहून घ्या, बोटाचा तेलकट ठसा असला तरी धुकं येते.

धुऱ्यावरची
लेन्स साफ आहे. डोंगर 40 पासून 185 पर्यंत होता. दोन्ही त्रिकोण आणले अन् एकदम उजेड पडला! बेगड चमकली. कपाळावरचा भोवरा दिसला, बाबा रोज तिथंच खाजवायचे. पण अंगावर जराशी निळी झाक आहे.

फोटोवाले काका
ती आभाळाची. लेव्हल्समध्येच फोटोतला रंग उचलायचे ड्रॉपर आहेत, मधला राखाडी घे आणि ज्याला स्वतःचा रंग नाही अशा वस्तूवर टिचकी मार. बाबांच्या सदऱ्यावर नको, त्याला नीळ दिलेली असते, सगळा फोटो पिवळा पडेल. मागं सिमेंटचा खांब असेल तर तो घे. मोठा फोटो 12 बाय 8 इंच सांग. कॅमेरा किती मेगापिक्सेल?

धुऱ्यावरची
10. फोटो 3648 बाय 2736 दाखवते. खांब सापडला काका, निळं गेलं.

फोटोवाले काका
मग 12 इंचाला भरपूर झालं. फक्त तुझा फोटो 4:3 आहे अन् तो कागद 3:2, म्हणून वरून नाहीतर खालून पट्टी कापली जाईल. दुकानदाराला आधीच सांगून ठेव.

धुऱ्यावरची
खालून कापायला सांगते. खुरांजवळची माती गेली तरी चालेल, शिंगं पूर्ण पाहिजेत. बाबांनी स्वतः रंगवली होती.