मदत हवी आहे: युजनेटवर फिरणारी आमची श्राव्य पुस्तकं कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहते. आमच्या छोट्या गटाने मालवणी कथांची श्राव्य पुस्तकं काढली आहेत. विक्रीतून लेखकांना आणि कथा वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना मानधन जातं. तीच पुस्तकं युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यात, त्याच्या न्यूजग्रुपवर (विषयवार गटांवर) फुकट फिरताहेत, असं एका श्रोत्याने कळवलं. फार वाईट वाटतंय.

टोरेंटवर फाइल वाटणाऱ्याचा आयपी पत्ता इतरांना दिसतो. युजनेटवर तसं नाही. डाउनलोड करणारा थेट सर्व्हरशी जोडला जातो. मोठी फाइल शेकडो तुकड्यांत चढवतात, प्रत्येक तुकड्याचा मेसेज-आयडी (ओळखखूण) वेगळा. फाइल हटवण्याच्या नोटिशीत तेच द्यावे लागतात. शिवाय एका सर्व्हरवरचा तुकडा इतर सर्व्हरांवरही पोचतो, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतंत्र लिहिणं आलं. त्यात फाइलींची नावं मुद्दाम निरर्थक ठेवलेली असतात!

अशी फाइल ओळखून एनझेडबीमधून (तुकड्यांची यादी असलेल्या छोट्या फाइलीतून) मेसेज-आयडी काढणं कुणाला जमतं का? आपल्या कॉपीराइट नियम, २०१३ मध्ये लेखी तक्रारीनंतर मजकूर रोखायला ३६ तासांची मुदत आहे, पण सर्व्हर परदेशात. अमेरिकेतल्या कंपनीला तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखालची नोटीस आम्हीच पाठवावी, की वकिलामार्फत? ठाणे-नवी मुंबईत असं काम केलेले वकील माहीत असतील तर कृपया सांगा. ऐकणाऱ्यांच्या मागे लागायचं नाही, फाइली तेवढ्या हटवायच्या आहेत.