क्ष-किरण घटले की रेडिओ चढतो, असंही होतं

साथीदार ताऱ्याकडून वायू ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती त्या वायूची चकती असते. अशा ताऱ्यांबद्दलचं 'क्ष-किरण वाढले की दृश्य प्रकाश आणि रेडिओ दोन्ही वाढणार, शेवटी सगळं एकाच चकतीतून येतं' हे विधान अर्धंच बरोबर आहे. क्ष-किरणांनी चकती तापते आणि काही सेकंद उशिरा दृश्य प्रकाश वाढतो, इथपर्यंत ठीक. रेडिओला मात्र हा हिशेब सरसकट लागू पडत नाही. पीएसआर जे१०२३+००३८ हा वेगाने फिरत स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा (पल्सार) बघा. जून २०१३ मध्ये त्याचे रेडिओ स्पंद गायब झाले आणि चकती परतली. तेव्हापासून त्याचे क्ष-किरण दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतायत: बराच वेळ वर, मग दहाएक सेकंदांत कितीतरी पटींनी खाली, थोड्या वेळाने पुन्हा वर. १.६९ मिलिसेकंदांचे क्ष-किरण स्पंद वरच्या पातळीतच सापडतात. आणि नेमके क्ष-किरण खाली बसले की रेडिओ चढतो.

हे दिसत नाही म्हणणाऱ्यांची गफलत बहुधा वेळेत असते. ५ मिनिटांचे बिन (मोजणीसाठी पाडलेले वेळेचे तुकडे) घेतले की क्ष-किरणांचे छोटे खड्डे बुजून जातात. १० सेकंदांचे घ्या. दुसरं म्हणजे घड्याळ. एक डेटा यूटीसीत (रोजच्या घड्याळांची जागतिक वेळ) आणि दुसरा टीटीत (खगोलशास्त्रातली एकसमान वेळ) ठेवलात तर ६९ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे अख्खा खड्डाच सरकला! दोनपैकी एकाच डेटाला सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची दुरुस्ती (पृथ्वीच्या जागेमुळे प्रकाश पोहोचण्यात पडणारा फरक काढणारी) लावली तर चूक आठ मिनिटांपर्यंत जाते. दृश्य प्रकाशात साथीदार ताऱ्याच्या तापलेल्या बाजूमुळे ४.७५ तासांची लाट असते, ती आधी वजा करा. नाहीतर सहसंबंध तिचाच निघतो.