हेराबाई टाटा आणि मुंबईतील स्त्रियांचा मताधिकार

गिरगावकर:
नमस्कार. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील स्त्रियांविषयी आमचे वाचनालय एक छोटे प्रदर्शन भरवत आहे. मुंबई इलाख्यात स्त्रियांना १९२१ साली मताधिकार मिळाला आणि त्यामागे हेराबाई टाटा यांचे कष्ट होते, एवढेच वाचनात आले. त्या या चळवळीत कशा आल्या आणि त्यांनी नेमके काय केले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरकर:
हेराबाईंचा जन्म १८७९चा. १९११ साली कन्या मिठन हिच्यासह त्या काश्मीरला गेल्या असता श्रीनगरमध्ये त्यांची गाठ पंजाबचे अखेरचे शीख महाराजा दुलीपसिंग यांच्या कन्या सोफिया यांच्याशी पडली. सोफियांच्या पोशाखावर स्त्रियांसाठी मत मागणारा हिरवा-पांढरा-पिवळा बिल्ला होता. त्याची चौकशी करता करता हेराबाई या प्रश्नाकडे ओढल्या गेल्या. पुढे भारतातील मताधिकाराचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीने भारतीय स्त्रियांना मत देण्यास नकार दिला, तेव्हा १९१९ साली मुंबईतील स्त्रियांच्या वतीने मायलेकी लंडनला गेल्या आणि ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. निवेदने तयार करणे, खासदारांना भेटणे, सभांत बोलणे आणि घडलेले सारे मुंबईत चळवळीतील सहकारी जायजी पेटिट यांना पत्राने कळवणे, हे काम हेराबाईंनी नेटाने केले. लंडनने थेट हक्क दिला नाही, मात्र निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. त्यामुळेच १९२१ साली मद्रासपाठोपाठ मुंबईला ठराव करता आला.

माहीमकर:
मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि १९४७ साली शहराच्या शेरीफ (एक मानाचे नागरी पद) झाल्या, म्हणून लेकीचे नाव अनेकांना ठाऊक असते. आईचा फलक आधी लावावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रमाबाई रानडे यांनीही या मागणीसाठी काम केले होते. त्यांनाही जागा द्यावी.

परळकर:
एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९२१च्या ठरावाने स्त्री असण्याचा अडसर दूर झाला, मिळकतीची अट मात्र कायम राहिली. त्यामुळे गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या आमच्या भागातील बहुतेक बायकांना मतपत्रिका हाती मिळण्यासाठी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची वाट पाहावी लागली. फलकावर १९२१ सालाखाली ही अट ठळक अक्षरांत लिहावी, म्हणजे त्या वर्षी मुंबईतील सगळ्याच स्त्रियांना मत मिळाले असा समज पाहणाऱ्यांचा होणार नाही.