मदत हवी आहे : राज्यशास्त्रात बीए की थेट पाच वर्षांचं लॉ?

नमस्कार. मुलगी यंदा बारावी कला शाखेतून पास झाली, मराठी माध्यम. १९३० मध्ये आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार हुतात्म्यांना फाशी झाली, हे आजोबांनी तिला लहानपणी सांगितलं. तेव्हापासून 'खटला चालला, मग न्याय का नाही मिळाला?' हे तिच्या डोक्यातून जात नाही. तिला लोकशाही, संविधान, न्याय हेच शिकायचंय.

राज्यशास्त्रात बीए करून ३ वर्षांचं एलएलबी, की थेट ५ वर्षांचं? सीईटी दोन्हीला आहेच. मला आधी राज्यशास्त्राचा पाया पक्का व्हावा असं वाटतं. मुलीचं म्हणणं, एक वर्ष जास्त का घालवायचं?

मुख्य धास्ती इंग्रजी निकालपत्रांची आहे. मराठी माध्यमातून वकील झालेल्या ताई-दादांनो, तुम्ही सुरुवात कशी केलीत?