चर्चा: राज्याच्या महसुलाला घटनेतच मर्यादा घालावी का?

ताळेबंद:
अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या गटांची एक मागणी मला मनापासून पटते: राज्य सरकारच्या महसूलवाढीला राज्यघटनेतच मर्यादा हवी. नमुना कोलोरॅडोचा. तिथल्या मतदारांनी १९९२ मध्ये 'टेबॉर', म्हणजे करदात्यांचा हक्कनामा, मंजूर केला. लोकसंख्यावाढ आणि महागाई यांच्या बेरजेइतकाच महसूल वाढू द्यायचा. वरचा पैसा परत करायचा. कर वाढवायचा तर आधी मतदारांचा कौल घ्यायचा. तेजीतला पैसा कायमच्या योजनांत गुंतला की मंदीत कपात अटळ असते. ही खोड इथे मुळातच मोडते. २०२२ मध्ये तिथे एकट्या करदात्याला ७५० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला १,५०० डॉलर परत मिळाले.

खतावणी:
मंदीतच तर हा नियम कोलमडला. पुढच्या वर्षीची मर्यादा मूळ नियमात आदल्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवरून ठरे. समजा मर्यादा १०० आणि वाढ ४ टक्के. मंदीत जमा ९० वर आली, तर पुढची मर्यादा १०४ नाही, ९३.६. अर्थव्यवस्था सावरते, खजिना मात्र खालच्या पायरीवरच अडकतो. २००१ च्या मंदीनंतर हेच झालं आणि २००५ मध्ये 'रेफरंडम सी' या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने परतावा पाच वर्षं थांबवावा लागला. त्यात २००० च्या 'दुरुस्ती २३' या घटनादुरुस्तीने दहा वर्षं शाळांचा निधी महागाईपेक्षा एक टक्का जास्त वाढवणं सक्तीचं केलं होतं. मग कात्री लागली ती उच्च शिक्षणासारख्या खात्यांना.

ताळेबंद:
तो दोष पायाभूत आकड्याचा आहे, मर्यादेचा नाही. रेफरंडम सीने तोच काढला: त्या पाच वर्षांतला सर्वाधिक महसूल पाया धरला आणि पुढे जमा घटली तरी मर्यादा घसरेना. नव्या राज्याने हे पहिल्याच मसुद्यात लिहावं, आणि परताव्याआधी राखीव निधी भरावा.
करकपातीलाही अशीच अट हवी. कॅन्ससने २०१२ मध्ये वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला, वर भागीदारी आणि छोट्या व्यवसायांचं उत्पन्न करमुक्त केलं. लोकांना पगाराचं उत्पन्न व्यवसायाचं दाखवायला वाट मिळाली. २०१७ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून यातलं बरंचसं फिरवलं. उत्तर कॅरोलायनाने कंपनीकर टप्प्याटप्प्याने ६.९ वरून २.५ टक्क्यांवर आणला. त्यातले काही टप्पे महसुलाचं लक्ष्य गाठलं तरच लागू व्हायचे. फरक इथे आहे.

लेखाशीर्ष:
पाया सुधारला तरी सूत्र चुकीचंच राहतं. महागाई निर्देशांक मोजतो घरखर्च. राज्य सरकार विकत घेतं शिक्षक, परिचारिका, तुरुंग, रस्ते. एकूण लोकसंख्या १ टक्का वाढली तरी वृद्ध ३ टक्के वाढू शकतात, आणि मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, बराच भार त्यांच्यामुळे असतो.
पळवाटही पाहा. स्वतःचे रोखे काढण्याचा अधिकार असलेला आणि राज्य व स्थानिक सरकारांकडून आपल्या वार्षिक महसुलाच्या १० टक्क्यांहून कमी अनुदान घेणारा सरकारी उपक्रम मर्यादेबाहेर असतो. म्हणून कराऐवजी शुल्क वाढतं. रुग्णालयांवरचं शुल्क २०१७ मध्ये असंच बाहेर गेलं. लोकांच्या खिशातून पैसा जातोच, फक्त मतदान टळतं. याला लगाम म्हणणं मला मान्य नाही.

ताळेबंद:
म्हणूनच २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेला 'प्रस्ताव ११७' आला. पहिल्या पाच वर्षांत १० कोटी डॉलरहून जास्त शुल्क गोळा करणार असलेल्या नव्या उपक्रमाला आता मतदारांची मंजुरी लागते.

लेखाशीर्ष:
नव्या उपक्रमाला. जुने सगळे बाहेरच राहिले, आणि १० कोटींच्या आत बसवलेले छोटे उपक्रमही. दुसऱ्या राज्याने नक्कल करायची तर शुल्कासकट एकूण जमेवर मर्यादा घालावी लागेल. पण मग सरकारी विद्यापीठात विद्यार्थी वाढले आणि फी जास्त जमली, तर तेवढी कपात दुसऱ्या कुठल्या खात्यात करायची, याचं उत्तर मसुद्यात आधी हवं.