पीआरच्या फीला लूट म्हणणाऱ्या काकांना उत्तर

कातळावरचा
काल देवगडच्या काकांची पोस्ट सगळीकडे फिरत होती. सार एवढंच: कॅनडावाले पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, नुसत्या अर्जाला माणशी लाखभर रुपये उकळतात, त्यात पुन्हा 'राहण्याच्या हक्काची' वेगळी फी लावतात, नोकरीची हमी शून्य, तेव्हा कोकणातल्या पोरांनी दमडी भरू नये. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी अंगठा दिला नाही, म्हणून हे लांबण लावतोय.

काका, निदान पावती तरी नीट वाचा. ३० एप्रिल २०२४ च्या वाढीनंतर मुख्य अर्जदाराचे १५२५ कॅनेडियन डॉलर झाले. त्यातले ९५० फाइल तपासण्याचे, ५७५ हक्काचे. जोडीदाराचे तेवढेच. मुलांना २६० आणि त्यांना हक्काची फी नाहीच. अर्ज नाकारला किंवा आपणच मागे घेतला तर ५७५ परत येतात. ९५० जातात, कारण तोवर कुणीतरी फाइल उघडून बसलेलं असतं. कागद अपुरे म्हणून दारातूनच परत पाठवलं तर तेही परत करतात. आपल्याकडे कुठल्या अर्जाची फी परत मिळालीय कधी?

माझं म्हणणं सरळ आहे. भरायची तर दोन्ही एकदम भरा. "५७५ नंतर बघू" म्हणणाऱ्यांची फाइल शेवटच्या पायरीवर फी मागायला थांबते. मग तेच लोक लिहितात, कॅनडा फार उशीर लावतो.

देवगडवाला
पावती वाचली आहे. इतिहासही थोडा वाचा. ही हक्काची फी १९९५ ला लावली तेव्हा ९७५ डॉलर होती आणि खुद्द तिथल्याच लोकांनी तिला डोईपट्टी म्हणून शिव्या घातल्या. कारण १८८५ पासून चिनी मजुरांकडून त्यांनी खरोखरच डोईपट्टी घेतली होती. २००६ ला निम्मी करून ४९० वर आणली, २०२४ ला पुन्हा चढत ५७५. दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर वाढणारच, तशी सोयच करून ठेवली आहे. आणि तुम्ही इथे वकिली करताय!

माझ्या भाच्याकडून मुंबईतल्या एका एजंटाने सगळं मिळून साडेचार लाख घेतले. सरकारी किती, त्याचे किती, आजतागायत कळलेलं नाही. पोरगा अजून रत्नागिरीतच आहे.

कातळावरचा
बघा, हेच म्हणतोय. एजंटाने लुटलं त्याचं खापर सरकारी फीवर. काका, पैसे घेऊन कॅनडाचं काम करायचं तर तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो किंवा तिथला वकील लागतो. परवानाधारकांची यादी सगळ्यांना बघायला खुली आहे. नाव टाकून बघितलं होतंत का?

देवगडवाला
भाच्याने बघायला हवं होतं. मी बघायचा प्रश्नच येत नाही, मला कुठे जायचंय.

मालवणचो म्हातारो
तुमी ९५० नि ५७५ घेऊन बसलात. माझ्या झिलाक फी भरूची होती. कार्ड माझा, ओटीपी माझ्या मोबाईलवर, नि आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, चिऱ्याच्या खाणीकडे. झील पुण्यासून विचारता, "बाबा, इलो काय?" मी म्हटलंय, "कोण इलो?" धावत वर जाईपर्यंत त्याचा पान बंद. परत पयल्यापासून. एकदा पैसे कापले गेले नि पावती नाय. ते परत येवक दोन आठवडे लागले. वर ब्यांकेन परकी चलनाचे साडेतीन टक्के घेतल्यान, त्याच्यार जीएसटी. ही लूट कोणाक दिसणा नाय.

कातळावरचा
आजोबा, तुमचं दुखणं खरं आहे. ज्यांना भरायची आहे त्यांच्यासाठी: २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डाचा परदेशी वापर बंदच येतो, तो आधी ॲपमधून चालू करा. मर्यादाही वाढवून घ्या. कार्ड बापाचं असो की बायकोचं, चालतं. पावतीची पीडीएफ मात्र सांभाळा.

दापोलीची सून
तुम्ही पुरुष मंडळी फीवरच अडकलात. फीसाठी कुणी घर विकत नाही हो, २०२४ च्या दराने चौघांच्या कुटुंबाची फी आणि बोटांच्या ठशांचे पैसे धरून ३७४० डॉलर होतात, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. ते सोनं ठेवून होतं. खरा दणका पुढे असतो. नोकरीचं पत्र हातात नसेल तर खात्यात पैसे दाखवावे लागतात, २०२४ च्या आकड्यांप्रमाणे चौघांना २७,२९७ डॉलर. आणि ते उसने चालत नाहीत. कर्जाचे नकोत, घर-जमीन आहे म्हणून दाखवलेलंही नको. म्हणजे गहाण टाकायची वाट बंद, विकायचीच उघडी.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या वाडीतल्या नारळ-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून हाताशी यायला सहा-सात वर्षं. माझे धाकटे दीर म्हणाले, एवढी वाट कोण बघतो. सासऱ्यांनी रस्त्याकडची पट्टी विकली आणि पैसे मुलाला बक्षीस म्हणून लिहून दिले. आज तिथे कंपाउंड आहे, गेट आहे, आत कोण आहे माहीत नाही. आता बोला, ५७५ परत मिळतात म्हणून मी टाळ्या वाजवू?

रानपाखरू
आणि एकदा पीआर झाला की सातबाऱ्यावरचं नावही जातं, हे कुणी सांगत नाही! तिकडचा माणूस इकडचा शेतकरी राहत नाही.

ब्रॅम्प्टनचा चाकरमानी
काहीही काय. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट भारताचाच राहतो. माझं नाव सातबाऱ्यावर आहे, वारस नोंदीने आलंय, फेरफार झालाय. नागरिकत्व बदलून ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक, झालं तरी वारशाने आलेली शेती राहते. अफवा पसरवू नका.

रानपाखरू
तुम्ही तिकडे बर्फात बसून आम्हाला कायदा शिकवणार? नाव राहतं, पण माणूस कुठे राहतो? सामाईक जमिनीत एक सही कॅनडात, एक विरारला, एक अबोल्यात. कुलमुखत्यारपत्रासाठी तुमचा भाऊ वकिलातीत जायला सवड काढत नाही आणि इकडे बांध सरकतोय!

ब्रॅम्प्टनचा चाकरमानी
बांध सरकवणारे गावातच असतात हो, कॅनडातून कुणी फावडं घेऊन येत नाही.

रानपाखरू
कुणाला उद्देशून बोललात?

ब्रॅम्प्टनचा चाकरमानी
ज्याला लागलं त्याला.

दापोलीची सून
भांडा. पण कुणीच न सांगितलेली गोष्ट मी सांगते. नाव राहतं, कबूल. पण तिथे राहायला गेलेला माणूस, पासपोर्ट भारताचा असला तरी, इथे नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. फेमाचा, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याचा, नियम आहे. आहे ती विकू शकतो, तीही इथेच राहणाऱ्या भारतीयालाच. म्हणजे दिरांनी उद्या तिकडे कितीही कमावलं, तरी तिथे राहून ती पट्टी परत घेता येणार नाही. फीच्या पावतीवर हे कुठे छापलेलं नसतं.

ब्रॅम्प्टनचा चाकरमानी
हे बरोबर आहे, वहिनी. तरी एक सांगू? ती पट्टी विकायचा निर्णय सासऱ्यांचा. कॅनडाने सातबारा मागितला नव्हता.

दापोलीची सून
सातबारा नाही मागितला, उसना नसलेला पैसा मागितला. आमच्याकडे तो मातीतच असतो.

दाभोळ खाडी
मी बराच वेळ वाचतोय. तुम्ही सगळे एकदा आमच्या मोहल्ल्यात या. आमच्याकडे आखातात जाणं पिढ्यांचं आहे. अब्बांनी उमर काढली सौदीत, हक्क काय मिळाला? नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला, इकामा संपला की बोरीबिस्तरा. २०१७ पासून कुटुंबावर माणशी महिना १०० रियाल लावले, चढवत २०२० ला ४०० केले. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १२००, वर्षाला १४,४००. परतावा नाही, हक्क नाही. कितीतरी घरांतली बायका-पोरं तेव्हा परत आली, शाळा मध्येच सुटल्या.

देवगडच्या काका, १५२५ डॉलर एकदा भरून कायमचं राहायला मिळत असेल, पाच वर्षांत ७३० दिवस राहिलं की पीआर टिकत असेल, तर त्याला लूट म्हणताना जरा आमच्याकडे बघा.

देवगडवाला
चाचा, सौदीपेक्षा बरं म्हणजे चांगलं, हे कुठलं गणित? आणि त्या पाच वर्षांत नोकरी गेली तर?

दाभोळ खाडी
तर दुसरी शोधायची. कुणी विमानात बसवत नाही. तेवढ्यासाठीच तर फी.

मालवणचो म्हातारो
माझो झील थंय गोदामात काम करता. हंय इंजिनेर होतो. पण रडणा नाय. माका वाटता, फी त्येची वसूल झाली, माझी व्हायची बाकी आसा.

रानपाखरू
मूळ प्रश्न राहिला बाजूला. बांधाबद्दल ज्यांनी टोमणा मारला त्यांनी नाव घेऊन बोलावं.

कातळावरचा
मूळ प्रश्न फीचा होता, बांधाचा नव्हे. वहिनींचा मुद्दा मोठा आहे, मान्य, पण तो खात्यात दाखवायच्या पैशांचा आहे. फी भरू नका म्हणून ती पट्टी वाचली नसती. उलट ज्याने कागद जमवले, इंग्रजीची परीक्षा दिली, कॅनडाकडून अर्जाचं निमंत्रण आणलं, त्याला ६० दिवसांत अर्ज टाकायचा असतो. त्या वेळी गावातले दहा जण "भरू नको, लूट आहे" म्हणत बसले तर मुदत कुणासाठी थांबत नाही.

देवगडवाला
बरं. ५७५ पुरता 'लूट' शब्द मागे घेतो, परत मिळतात म्हणून. मिळाल्याची पावती कुणी दाखवली तर आणखी आनंद. ९५० पुरता शब्द कायम. आणि जमिनीचं वेगळं टाकतो उद्या, रानपाखरू आणि ब्रॅम्प्टनकरांनी तिकडे भांडावं.

रानपाखरू
टाका. मोजणीचा नकाशा घेऊनच येतो.